खटक्याची दिशा आणि माझी सही

मी खाली सही करणारा, वय बाहत्तर, पेशाने पिस्तुलांचा जोडारी. कंप उजव्या अंगठ्याला आहे, डोक्याला नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भाग पाडले म्हणून नव्हे, कोणी विचारले नाही म्हणून हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या व माळा, सुनेला. माळ्यावर धाकट्या भावाची खोकी वीस वर्षे पडून आहेत. महिन्याभरात न उचलल्यास रस्त्यावर ठेवावीत.

२. बँकेतील ठेव नातीला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. काय शिकायचे ते तिला कोणी सुचवू नये.

३. कानशी, भिंगे व छोटा शेगडा कारखान्यात घासकाम करणाऱ्या बाईंना. इतका हलका हात मी दुसरा पाहिला नाही. धाकटा त्यांना अजून ‘मदतनीस’ म्हणतो.

४. धाकट्याला काही नाही. माझ्या शवाला त्याने हात लावू नये.

५. पिस्तुलांच्या कारखान्यातील माझा अर्धा हिस्सा सुनेला; उरलेला अर्धा धाकट्याचा आहे. तो कशावर उभा आहे ते तिला माहीत असावे.

आमच्या मोठ्या पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका वर केला की पिस्तूल बंद, खाली केला की चालू. बारा वर्षे तेच विकले. मग खिशात मावणारे छोटे काढले. आत जागा कमी, म्हणून धाकट्याने खटका उलटा बसवला. खाली बंद, वर चालू. एक भाग कमी लागत होता.

मी म्हणालो, “अरे, अंगठ्याला सवय असते. माणूस वर करणार आणि बंद झालं समजणार.”

“पुस्तिकेत छापू की, दादा. लोक वाचतात.”

“तू कधी वाचलीस?”

“सही कर रे, उगाच घोळ घालू नकोस.”

छोट्या पिस्तुलाच्या मूळ नकाशावर मी पेन्सिलीने लिहिले होते, ‘दिशा उलटी. नको.’ ते पुसले आणि सही केली. जेवायची वेळ झाली होती. दुसरे कारण मला आजवर सापडलेले नाही.

माझा मुलगा चाचणी विभागात होता. बारा वर्षे मोठे पिस्तूल हाताळलेला. छोटे पिस्तूल हाती आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने काम संपवून खटका वर केला आणि पिस्तूल कमरेच्या म्यानात सारले. चापात शर्टाचे टोक अडकले. गोळी मांडीतून गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

चौकशीत लिहिले गेले, ‘हाताळणाऱ्याचा निष्काळजीपणा’. धाकटा म्हणाला, “पोरगा नेहमी घाईत असायचा.” मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मान डोलावली. पुढच्या खेपेपासून खटका गुपचूप सरळ झाला. सहा वर्षे झाली, नात सांगते, बाबा स्वतःच्या चुकीने गेले. हे तिला मी शिकवले.

~~६. मूळ नकाशा माझ्या मृत्यूनंतर सुनेला. पुसलेली अक्षरे तिरप्या उजेडात वाचता येतात. तो दाखवल्यास कारखाना बंद पडेल व कलम पाचला अर्थ उरणार नाही.~~

काल हा मसुदा सुनेला वाचून दाखवला. ती म्हणाली, “कारखाना जाऊ दे खड्ड्यात. नकाशा तुम्ही गेल्यावर का, बाबा?”

“जिवंतपणी झेपणार नाही गं.”

“मला काय झेपत होतं?”

कलम सहा मी स्वतः खोडले आहे. नकाशा आज सकाळी दहाला तिच्या हातात दिला. तिने तो पिशवीत घातला, चपला घातल्या आणि पोलीस ठाण्याकडे निघाली. आभार मानले नाहीत. कारणही नव्हते.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरील शिंपी (सही)
२. कारखान्याचे निवृत्त तपासनीस (सही). नकाशावरचा शिक्का यांचा. वाचून म्हणाले, “म्हणजे माझंही नाव निघणार.” मी हो म्हणालो. त्यांनी पेन मागितले.

लिहून ठेवणार: (सही, डाव्या हाताने)
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारचे दोन. सून अजून परतलेली नाही.