लवंगेवरचे नवरात्र

दि. २०-९-१९७१, सोमवार

आज घट बसविले. रतनबाई गेल्या चैत्रात वारली. तिने लग्नापासून पाळलेले नवरात्र — नऊ दिवस दोन लवंगा आणि पाणी — खंडित होऊ नये, म्हणून सूनबाईला, पुष्पावतीला, धरावयास सांगितले.

मच्छिंद्र म्हणाला, "आबा, पोर तीन म्हैन्याचं हाय. अंगावर पितंय."

"तुझ्या आईनेही लेकुरवाळी असताना धरले होते," असे मी उत्तर दिले.

दि. २२

तिसरी माळ. सूनबाई चुलीपाशी भोवळ येऊन बसली. सवय होईल.

दि. २३

चौथी माळ. नातू गोरक्षनाथ दोन दिवस फार रडला. आज अगदी शांत. शहाणा आहे, असे ओट्यावर चौघांना सांगितले.

दि. २५

सहावी माळ. कडूबाई सुईण न बोलावता आली. माझ्याच वयाची, अक्षरशत्रू. तिने पोराचे लंगोट चाचपले — कोरडे. टाळूवर बोट ठेवले. टाळू खोल गेली होती.

"सकाळधरनं किती येळा मुतलं?"

"एकदाच, मावशी," सूनबाई म्हणाली. "दूधच उतरत न्हाई."

मी म्हणालो, "रडत तर नाही."

"रडायला बळ लागतं, कारभारी. चार बुकं शिकलात, येवढं उमगंना व्हय?"

या घरात मला असे कोणी बोललेले नाही. तिला दार दाखविले. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "साळूच्या येळंला माजी आय बी हेच सांगत हुती."

साळूचे नाव येथे कोणी घेत नाही.

दि. २६

सकाळी पाळण्याशी बसलो. पोराच्या मुठीत बोट दिले. त्याने धरले नाही.

दुधात भाकरी कुस्करून ताट सूनबाईपुढे ठेवले. ती उभीच राहिली.

"मामंजी, अजून तीन दिस हायेत. देवी —"

"देवीला मी उत्तर देईन. तू जेव."

माझ्यासमोर ती कधी जेवलेली नाही. मी पाठ करून बसलो. नंतर मच्छिंद्र गाडी जुंपून दोघांना मिरजगावी दवाखान्यात घेऊन गेला.

उरलेला उपवास मी धरला आहे.

दि. २८

मच्छिंद्र आला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर काही हाती लागले नसते. सूनबाई दोन्ही वेळा जेवते. दूध येऊ लागले आहे.

"लई रडतोय, आबा. समद्या दवाखान्याला झोपू देत न्हाई."

दि. २९, दसरा

साळू आमची पहिली मुलगी. चार महिन्यांची असताना नवरात्रात, आठव्या माळेस गेली. रतनबाई लवंगेवर होती, माझ्याच सांगण्यावरून. साळूही चौथ्या माळेपासून रडत नव्हती. तिलाही मी शहाणी म्हणालो होतो.