फ्रॉकच्या खिशातलं कुलूप

तुला लाज कशी वाटत नाही? पोटच्या पोरीला रोज जेवणाआधी वजनकाट्यावर उभी करतोस, जशी काय विकायला आणलेली कोंबडी. काटा खाली गेला की आरडाओरडा, वर गेला की शाबासकी. परवापासून तर तोऱ्यात सांगत होतास, "बघ आई, माझ्या धाकानं वजन वाढलं." डोंबल वाढलं! आज धुणं भिजवताना तिच्या फ्रॉकच्या खिशात गच्चीचं ते अवजड कुलूप सापडलं. विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, "आजी, बाबांना सांगू नको ना, ते परत मटार कोंबतील."

मटारची अक्कलही तुझीच. बिचारी सुखानं बटाटा खात होती, त्यात तू मटार चेचून लपवलेस. आता ती बटाट्यालाही हात लावत नाही. मी फार शिकलेली नाही, पण अंघोळ घालताना तिच्या बरगड्या माझ्या हाताला लागतात.

तिला दवाखान्यात घेऊन चाललेय. खिसे रिकामे करून वजन करायला सांगणार आहे. तुझ्या बायकोला फोन केलाय, ती कामावरून परस्पर तिकडे येतेय. तू यायचं नाहीस. भात झाकून ठेवलाय, गिळ.

निघताना तुझ्या खोलीच्या दारात उभी राहून मोठ्यानं बोलले. रात्रपाळी करून आलेला तू घोरत होतास, म्हणून तेच इथं लिहिते: "आजपासून पोरीच्या ताटापाशी तू फिरकायचं नाहीस."