सांत्वनाला चौघे

सोमवार, ६ मे

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझी टिटवी सुखरूप पोचली. औषधांची गाडी रोज तुमच्याकडे जाते आणि तिचा ड्रायव्हर भला माणूस आहे, तेव्हा पत्रं हातोहात मिळतील. चर्चने पाठवलेले आम्ही चौघे, म्हणजे पाळकसाहेब, मास्तरीणबाई, बेकरीवाले काका आणि शिलाई सोडून आलेली मी, मुलांच्या इस्पितळाशेजारी पालकांसाठी बांधलेल्या घरात उतरलोय. आजारी मुलांच्या आईबापांची सेवा करायची, एवढंच काम.

सहा नंबरच्या खोलीतल्या बाईवर आमचा पहिल्याच दिवशी जीव जडला. नवरा धाकट्याला घेऊन घरी, आणि ही इथे एकटी. तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. वॉर्डात तिला सगळे सरकार म्हणतात, कारण पडल्या पडल्या ती नर्सना हुकूम सोडते. शुक्रवारी आई तिला आपली एक किडनी देणार आहे. सर्जन बाहेरून येतात. हा शुक्रवार चुकला तर पुन्हा कधी ते कोणी सांगत नाही, आणि पोर तोवर तग धरेल की नाही तेही नाही. पण आईचं ब्लडप्रेशर चढलंय आणि ते उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तिला झोपच नाही म्हणे. रात्रभर ती मुलीच्या उशाशी असते. दुपारी नर्स मुलीजवळ थांबते, तेव्हा खोलीवर येऊन पाठ टेकते, तेवढंच.

मग आम्ही कंबर कसली. दुपारी तिला क्षणभरही एकटं वाटू द्यायचं नाही. आधी पाळकसाहेब प्रार्थना करतात, आणि त्यांची प्रार्थना किती लांबते ते तुला मी सांगायला नको. मग मास्तरीणबाई स्तोत्रं वाचतात, वाचता वाचता रडतात आणि ती बाईच त्यांना पाणी देते. मग काका गरम पाव घेऊन जातात. शेवटी मी, पाय चेपायला आणि गप्पा मारायला. बाई इतकी गोड, की प्रत्येकाला उठून खुर्ची देते. तरी आज प्रेशर कालच्यापेक्षा जास्तच निघालं. उद्यापासून आम्ही प्रत्येकी दोनदा जाणार आहोत.

राग असला तर तिकडेच ठेव, लोभ तेवढा पाठव.

तुझी,
टिटवी


मंगळवार, ७ मे

चि. टिटवीस,
अ. आ.

पत्र वाचून मी इतकी हसले की तुझे आतोबा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून काय झालं ते बघायला बाहेर आले. त्यांना वाचून दाखवलं, तर ते साबण वाळेपर्यंत हसत बसले.

अगं शहाणे, ती झोपणार कधी? तुझा आतेभाऊ लहानपणी इस्पितळात होता तेव्हा अख्खी मंडळी मला धीर द्यायला आली, आणि मी सगळ्यांना चहा करून देता देता घेरी येऊन पडले. प्रभूचं नाव घेऊन आलेल्या माणसाला दारातून जा म्हणता येत नाही गं. म्हणून ती बिचारी उठते. आता तिचं सांत्वन पुरे करा आणि दार ओढून घ्या, बाहेरून. पाळकसाहेबांना माझं नाव सांग. त्यांच्या लग्नात मी नवरीकडून भांडले होते, ते अजून मला वचकून असतात.

मी हसले खरी, पण त्या पोरीसाठी मीही रोज देवाजवळ मागतेय. गाडी निघायच्या आत हे देते. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, अक्कल येईल तशी वाढवू.

तुझी,
आत्या


शनिवार, ११ मे

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

बुधवारी सकाळी तुझं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. पाळकसाहेब रागावतील असं वाटलं होतं, पण ते खोखो हसत सुटले. मग डोळे पुसले, खुर्ची उचलली आणि दुपारी सहा नंबरच्या दाराबाहेर पहारा देत बसले. आज कोणीही येणार नाही, हे मी बाईला आत जाऊन सांगितलं. तिने दोनदा विचारलं की नक्की ना. तिसऱ्यांदा विचारण्याआधीच ती झोपली.

आत्या, काय तो थाट. काकांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. मास्तरीणबाईंना पुन्हा रडू आलं, तर त्या अंगणात जाऊन रडल्या. भेटीला आलेल्या बिशपसाहेबांनाही पाळकसाहेबांनी ओठांवर बोट ठेवून जिन्यावरूनच परत फिरवलं. आतून घोरणं ऐकू आलं तेव्हा आम्हाला नाचावंसं वाटत होतं, पण चपला नसल्या तरी लाकडी जमीन वाजते. गुरुवारीही तसंच. संध्याकाळी प्रेशर उतरलं आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं.

शुक्रवारी मात्र माझं हसू पळालं. मी फार घाबरले होते. मायलेकी आत, आम्ही बाकावर. पाळकसाहेबसुद्धा नुसतं प्रभू म्हणत आणि गप्प होत. बऱ्याच वेळाने नर्स धावत आली आणि म्हणाली की सरकारला लघवी झाली, नवी किडनी चालू झाली. लघवीची बातमी ऐकून माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलेली तू पाहिली नसशील. काकांनी मला उचलून गरकन फिरवलं. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे त्या लघवीबद्दल देवाचे आभार मानले, किती मिलीलिटर तेही सांगून.

आज आम्ही शहाण्यासारखे लांब पायऱ्यांवर बसलो होतो. आईला विश्रांती हवी, आपण फिरकायचंच नाही, असं ठरलं होतं. एवढ्यात तिचाच निरोप आला. चौघे कुठे आहेत, असं तिने विचारलंय. ती म्हणते की तिची झोप झाली, आता एकदमच या. आणि पाळकसाहेबांनी ती सोमवारची प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणावी, कारण त्या दिवशी झोपेच्या गुंगीत तिला एक शब्दही कळला नव्हता, आणि आमेन तिला मनापासून म्हणायचंय.

आतोबांना सलाम. लोभ तिथेच धरून ठेव, आम्ही निघालो.

तुझी,
टिटवी