वेगळं बांधलेलं घोडं

६ ऑगस्ट
सकाळी मुंजाजी आला, टेम्पोत राजाला घालून. सेनगावाहून हट्ट्यापर्यंत. "गोठा गळून राहिला रे. पत्रे बदलेस्तोवर राहू दे घोडं तुझ्याकडं. मैनेलाबी सोबत."
चौथीत माझ्या वाटचा मार यानं खाल्ला होता. त्याच्या बदल्यात अजून काही ना काही मागत असतो. राजाला माझ्या घोडीच्या, मैनेच्या शेजारच्या खुंट्याला बांधलं. दोघं एका गव्हाणीत तोंड घालून.
सुलू भाकरी थापता थापता: "अन् त्यायच्या दोन घोड्या? त्या कुठं भिजून राहिल्या?"
म्हणालो, बायकांना नवऱ्याच्या मित्रांचा संशय घ्यायला कारण लागत नाही.

१७ ऑगस्ट
पाऊस, चिखल, माश्या.
घोडमाशी आज नीट बघितली. बोटाच्या पेराएवढी, चावा सुईसारखा. मैना पाय आपटते, शेपूट मारते, माशी अर्ध्यावर उठते आणि शेजारी राजाच्या पोटावर बसते. तिथून हाकलली की परत मैनेवर. एका पंगतीतून उठून तोंड न पुसता दुसऱ्या पंगतीत बसणारे पुढारी आठवले. साप्ताहिकातल्या माझ्या सदराला चालेल.
राजा वाळलाय. बरगड्या मोजून घ्याव्यात. मुं.ला फोन केला तर म्हणे, "प्रवासाचा शीण हाय."
अकरा दिवस झाले प्रवासाला.

२९ ऑगस्ट
मुं. येऊन राजाला घेऊन गेला. पत्रे बदलले म्हणे. निघताना मैनेच्या मानेवरून हात फिरवला, माझ्याकडं मात्र बघितलं नाही. वाटलं, गहिवरला.

१४ सप्टेंबर
मैना चारा खात नाही. अंग तापलेलं, मान खाली. वसमतहून डॉक्टरीणबाई आल्या, औषध दिलं.
बापानं माझ्यासाठी दोनच गोष्टी मागं ठेवल्या. घोडीचा नाद आणि ही जीभ. जिभेनं माणसं तोडली, घोडीनं जोडली. गावातला एक नवरदेव असा नाही जो मैनेवर बसला नाही. तोल जाऊन पडलेलेही दोन-चार आहेत, पण त्यात घोडीचा दोष नव्हता.

१७ सप्टेंबर
ताप उतरला. कडबा ओढून खाल्ला. सुलूनं मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मी विज्ञानवादी माणूस, म्हणून फक्त शेजारी उभा राहिलो.

३ ऑक्टोबर
परत ताप. या वेळी पोटाखाली सूज, हिरड्या धुवट फडक्यासारख्या. डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली बघितलं आणि त्यांचं बोलणं एकदम कमी झालं. रक्त घेतलं. हरियाणातल्या प्रयोगशाळेत जाणार. तोवर दुसऱ्या कुठल्या घोड्याजवळ नेऊ नका, म्हणाल्या.
मी म्हटलं, नेणार कुठं? उभी राहीना.

२२ ऑक्टोबर
रिपोर्ट आला.
घोड्यांचा रक्तक्षय, विषाणूचा. माणसाला होत नाही. घोड्याला झाला की जन्मभर रक्तात बसून राहतो. ताप येतो, जातो, जनावर ठणठणीत दिसतं, पण आतून तेच. औषध नाही, लस नाही. पसरवते कोण? घोडमाशी. एकाचं रक्त तोंडाला लागलेलं असताना उठते, शेजारच्यावर बसते. ते रक्त तिच्या तोंडावर फार वेळ टिकत नाही, म्हणून लांबच्या घोड्याला धोका कमी. शेजारच्याला जास्त.
सदरात मी त्या माशीवर विनोद केला होता. छापून आला, लोक हसले.
बाईंनी विचारलं, "यंदा बाहेरचं घोडं आलं होतं का इथं?"
सांगितलं. मुंजाजी, सेनगाव, राजा. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिकडच्या डॉक्टरांना फोन. माझ्यासमोरच.
तर असं आहे. राजाचा पहिला रिपोर्ट संशयाचा होता. श्रावण लागायच्या आधीच. तिथल्या डॉक्टरांनी मुं.ला बजावलं होतं की घोडं वेगळं बांधा, दुसऱ्या घोड्यांपासून हाकेपलीकडं. ते दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेले तेव्हा हा म्हणाला, विकलं.
तेव्हा राजा माझ्या गव्हाणीत होता.
सुलूला सांगितलं. ती "मी म्हणलं नव्हतं का" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

२४ ऑक्टोबर
जीपनं सेनगाव. मुं.चा गोठा आधी बघितला. पत्रे तेच जुने, पण भोक एक नाही. एक थेंब गळत नसणार. दोन्ही घोड्या चकचकीत.
जसं आठवतं तसं:
"डॉक्टर म्हणला वेगळं बांधा. म्या बांधलं."
"माझ्याकडं?"
"मंग काय हायवेवर बांधू? तुझी एकच घोडी, माझ्या दोन. दिवाळीनंतर लगनसराई."
"सांगायचं तरी."
"सांगितलं असतं तं बांधू दिलं असतंस का?"
"न्हाई."
"मंग?"
भांडण जिंकल्यासारखा बघत राहिला. वर, "अन् माशी काही म्या पाळलेली न्हाई. कुठूनबी येती."
"राजा कुठंय?"
"आता खरंच इकला. बाजारात."
"घेणाऱ्याला सांगून?"
हसला. "तू लिहितोस तेवढा हुशार न्हाईस गड्या."
त्याच्या बायकोनं चहा आणला. नको म्हणायला पाहिजे होतं. आलं घातलेलं होतं, प्यालो. तीस वर्षं लोकांची सालं काढणारा मी, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं काय, तर "साखर जरा कमी घालत जा वहिनी."

२७ ऑक्टोबर
संपादकांचा फोन. दिवाळीचं काहीतरी हलकंफुलकं द्या. मित्रांवर लिहा, म्हणाले.
लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. चारही शिव्या.

५ नोव्हेंबर
मैनेचं रक्त दुसऱ्यांदा नेलं. बाईंना विचारलं, हाही तसाच आला तर? "तर मग सुई द्यावी लागते, कायमची," म्हणून त्या मैनेचं कपाळ खाजवत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "आधी येऊ तर द्या."
गोठ्याला बारीक जाळी लावली. कुठून ना कुठून फाटतेच.
मैना छान दिसते आहे. हेच वाईट.

१६ नोव्हेंबर
सरपंच पुतण्याच्या लग्नासाठी मैनेला सांगायला आले. म्हणालो, पायात लचक आहे. तेवढ्यात मैनेनं मागच्या पायांवर उसळी घेऊन दाखवली. सरपंच म्हणाले, "लचक चांगली मानवली की."
खरं सांगता आलं नाही. दुसरा रिपोर्ट अजून यायचाय. आजच गावाला कळलं, तर रिपोर्टाची वाट कोण बघतंय? बाजूच्या आळीत उद्या कुणाचं लेकरू तापलं तरी माझ्याच दाराशी येतील. माणसाला होत नाही हे मी सांगणार, आणि माझं गंभीरपणानं ऐकायची सवय या गावाला मीच लावलेली नाही.
सुलू: "मुंजाजीभाऊजीबी असंच म्हणले असतील. अजून रिपोर्ट यायचाय."
रात्री जेवलो नाही.

२३ नोव्हेंबर, दुपार
आज ते लग्न. मैना नाही म्हणून औंढ्याकडून घोडी मागवलेली. आत्ता तिचा मालक दारात येऊन गेला. साधा माणूस, डोक्याला टॉवेल. घोडी कोवळी, झूल नवी, कपाळावर चांद.
"मालक, वरात निघायला टाइम हाय. सावलीला बांधू का तुमच्याकडं? घोडीवाल्याची तकलीफ घोडीवालाच समजतो."
म्हणालो, "जागा न्हाई."
माझ्यामागं मोकळा खुंटा. राजाचा. त्यानं खुंट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बराबर हाय," म्हणाला आणि गेला. आता औंढ्यापर्यंत सांगत जाईल की हट्ट्यात एक माजलेला माणूस राहतो. राहू दे.
पण गेला कुठं, तर समोरच्या कडुलिंबाखाली. तिथंच बांधली. सिद्धेश्वर धरणाचा कालवा सुटलाय, चिखल आहे, थंडी लागली तरी दुपारी माश्या आहेतच. मैना जाळीत शेपूट मारून राहिली. लिंबाखाली ती दुसरीही मारतेय. तो माणूस खाली टॉवेल अंथरून पडलाय.
सुलू दारात उभी. 
लिंब हाकेच्या आतच आहे. इथून माशी तिथं पोचते. माझा आवाजही पोचेल.
चप्पल घातलीय. त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. काय म्हणून हाक मारू