रजियाचाचीचं बोट

मंगळवार, संध्याकाळ

रजियाचाचीने खुर्चीत बसल्या बसल्या बोट पुढे केलं. मी काही विचारायच्या आत! गावोगाव बायकांना बांगड्या भरणारी बाई. आली होती पायासाठी. चपलेतून खिळा तळव्यात घुसला आणि तिला कळलंच नाही. जावेला रक्त दिसलं, म्हणून तिने ओढत आणली.

साखर भलतीच वाढलेली, त्यानेच तळवा बधिर झालेला.

"चाची, आधी कधी तपासली नव्हती?"

"आवं डॉक्टर, दरसाल तपासत्यात की! कॉलेजची पोरं येत्यात न्हवं शिबिराला? बोट टोचत्यात, लिहून घेत्यात, जात्यात."

"मग साखर आहे म्हणून सांगितलं नाही?"

"न्हाई. मंजी चांगलंच आसंल. वाईट आसतं तर सांगितलं आसतं की त्यांनी."

शिबिर घेणाऱ्या कॉलेजच्या मॅडमना फोन लावला. "आम्ही आकडे तुमच्या आरोग्य केंद्राला पाठवतो. पेशंटला तुम्ही सांगता ना?" आमच्या सिस्टर म्हणतात, कॉलेजवाले तिथल्या तिथे सांगत असतील. याला म्हणे सहकार्य! माझ्या खुर्चीमागे कॉलेज आणि आमच्या केंद्रात झालेल्या कराराचा फोटो लावलाय, हारासकट. मी इथे नवीन, पण आज त्या फोटोखाली बसायची लाज वाटली.

चाचीला मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी लिहिली. पाऊल वाचेल ना? ती मात्र मलाच समजावते, "पोरांस्नी रागावू नगासा, लय गुणाची हायती."

चिठ्ठी देताना बघते तर शेजारी बसलेल्या जावेने बोट पुढे केलेलं.

"माझंबी बगा. तसं चांगलंच आसंल, मलाबी कुनी काय बोललं न्हाई."