मोठी गेल्यावर

४ मार्च

सात नंबरच्या टाकीतली मोठी गेली. सकाळी दिवे लावले तर खाली फरशीवर पडलेली. कडक, वाळलेली. केशरी रंग तेवढा शाबूत. झाकणातून पाइप जातो तिथे बोटभर फट आहे, तिथूनच उडी मारली असणार.

पंप म्हणाला, "कंटाळली असेल नवऱ्याला." पंप म्हणजे माझ्या खोलीतला. झोपला की हवेचा पंप लावल्यासारखा घोरतो, म्हणून पंप. जागा असला की अक्कल शिकवतो.

टाकीत आता दोघंच. मोठीचा नवरा आणि ते बारकं. जोकर माशांचं असंच असतं — वर एक थोराड मादी, तिच्या हाताखाली एक नर, आणि त्याच्याही खाली एखादं किडमिड पोर, जे धड नर नाही धड मादी नाही. मी या मत्स्यकेंद्रात कामाला आल्यापासून ते बारकं तेवढंच आहे. सगळ्यांच्या मागून खातं, कोपऱ्यात राहतं. मला आवडतं ते.

नवरा दिवसभर कुंडीभोवती फिरत होता. ती उपडी मातीची कुंडी — मोठी तिच्यावर अंडी घालायची, हा पंखांनी वारा घालत बसायचा. मोठी जवळ आली की अंग थरथरवायचा. बायकोच्या धाकातला माणूस.

आईला जाऊन दोन महिने झाले. मी गेलो नाही. पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, असं स्वतःलाच सांगितलं.

६ मार्च

मुकादम ओरडला. म्हणे टाकीतल्या मिठाचं प्रमाण चुकलंय, मीटर नाकाने वाचतोस का. चुकलं नव्हतं. मीठ मला मीटरशिवायही कळतं, जिभेला थेंब लावला की पुरे. सातवीत शाळा सोडलेल्याला एवढं एकच येतं.

घरी मीठ हा बाबांचा विषय होता. भिंतीकडची खुर्ची त्यांची. पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी आहे." आई म्हणायची, "मग घ्या वरून." रोज. दोघांत बाकी बोलणं फारसं मी ऐकलं नाही. त्या खुर्चीत बाबा घरात नसतानाही कोणी बसत नसे. एकदा मला म्हणाले, "पुढे तुलाच बसायचंय इथं." मी पुढच्याच महिन्यात घर सोडलं. त्यांच्यासारखा होणार नाही, एवढं एकच ठरवून निघालो होतो. बाकी काही ठरलं नव्हतं.

चिमणीचा — बहिणीचा — फोन आला. बाबा एकटे घर कसं बघणार, मी कामाला गेले की दिवसभर कोण, म्हणून काका म्हणतात आत्याला आणून ठेवू. मी म्हटलं, बरं होईल. मला काय जातंय बरं म्हणायला.

९ मार्च

आज बाबांचा फोन! बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. फोन म्हणजे त्यांना दवाखाना, नाइलाज झाला तरच जवळ जायचं.

"जेवलास का?" म्हणाले.

हे आईचं. बाबांनी मला जन्मात कधी विचारलं नव्हतं. मी गोंधळून हो म्हटलं. "खोटं नको बोलूस, आवाजावरून कळतं." हेही आईचं.

मागे काहीतरी शिजत होतं. मग चमचा पातेल्याच्या काठावर आपटला — टक, टक, आणि थोडं थांबून टक. आई तसा आपटायची. मी विचारलं, चिमणी स्वयंपाक करतेय का? म्हणाले, "ती कामावर. मीच आहे."

११ मार्च

एक चांगलं काम केलं. तीन नंबरमध्ये एक मादी एकटी पडली होती, तिचा नर बुरशीने गेलेला. जाळीने उचलली आणि सात नंबरमध्ये सोडली. इकडे विधुर नवरा, तिकडे विधवा बायको. लागली जोडी. मुकादमाला विचारलं नाही. जोडीने अंडी घातली की स्वतःच म्हणेल, वा.

पंप म्हणाला, "माझंही बघ की कुठे."

१२ मार्च

ती हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वर, तिरकी. शेपटीच्या चिंध्या. एक डोळा नाही.

बारक्याने शक्यच नाही. नवऱ्याने केलं. तोच, थरथरणारा. काचेला हात लावला तर माझ्या बोटावरही धावून आला. आतून काचेवर टक, टक.

१३ मार्च

ती मेली. मॅडमना सांगावं लागलं. मॅडम प्रयोगशाळेत बसतात, अंडी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मुकादमासारख्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अरे, एका घरात दोन सासवा सोडल्यास तू."

मी म्हटलं, तो नर आहे ना?

"होता. मोठी गेली त्या दिवशी संपलं ते."

मग त्यांनी समजावलं. जेवढं कळलं तेवढं लिहितो. अरोमाटेज नावाचं एक विकर असतं. मी तीनदा म्हणून घेतलं. अंगात नराचा एक रस असतो. हे अरोमाटेज तो घेतं आणि त्याचाच मादीचा रस करून देतं. "सोनार समज. सोनं तेच, मोडून दुसरा दागिना." मासा, बेडूक, कोंबडी, पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांत हा सोनार असतो. अंडी धरणं, बीज धरणं, सगळ्यात त्याचा हात. कासवाच्या अंड्याला ऊब किती मिळाली त्यावर तो कामाला लागतो की बसून राहतो, आणि त्यावर पिल्लू मादी की नर. माझ्यातही आहे म्हणे. नसता तर हाडं भुसभुशीत झाली असती.

"मोठी होती तोवर तिच्या धाकाने याचा सोनार गप्प होता. ती गेली, हा कामाला लागला. आधी डोक्यात बदल होतो. अंग मागून येतं, सावकाश. दिसायला तोच, पण तो आता मोठी आहे. तिची जागा, तिची कुंडी, तिचा राग. आणि तू तिच्या घरात सवत घातलीस."

"मग याला नवरा कुठून आणायचा?"

मॅडमनी कोपऱ्यातल्या बारक्याकडे बोट केलं.

"ते? ते तर वाढतच नाही."

"वाढत नाही असं नाही. अंग चोरून राहतं. वाढलं तर वरचे मारतील ना. आता वरची जागा रिकामी झाली, आता वाढेल."

"आणि त्याला नको असेल तर?"

मॅडम हसल्या. "त्याला कोण विचारतंय?"

निघताना विचारलंच — माणसात होतं का असं? नाही म्हणाल्या. माणसाचं आईच्या पोटातच ठरतं. मग चष्म्यावरून बघत, "का रे?"

सहज, म्हटलं.

१४ मार्च

घरी फोन लावला. विचारलं, आत्या कशी आहे?

चिमणी रडायलाच लागली. आत्या गेली. बाबांनी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती तरी गेली, तर हातातलं पातेलं हिसकावलं, मनगट मुरगाळलं. सख्ख्या बहिणीचं. "माझं घर आहे," म्हणाले. आत्या बॅग घेऊन काकांकडे.

मी टाकीत मादी सोडली त्याच आठवड्यात त्या घरात आत्या सोडली. दोन्हीकडे हो मीच म्हटलं.

२१ मार्च

काका म्हणतात बाबांना वेड्यांच्या इस्पितळात टाकायचं. कायमचं. चिमणी म्हणते, बाबा तिथे आठवडाभर जगायचे नाहीत दादा. तिने नाही म्हटलं तर काका म्हणाले, पोरीबाळींशी मी बोलत नाही, घरातला पुरुष काय म्हणतो ते सांग.

"कोण पुरुष?" मी विचारलं.

"तूच ना!"

मी म्हटलं, बघू. बघू हा बाबांचा शब्द.

२ एप्रिल

चिमणीने फोनवर बाबांना दाखवलं. त्यांना कळू न देता, दारातून. बाबा खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आईचा चष्मा, तिचीच दोरी. घडी मांडीवर ठेवून दोनदा थापटतात. केस वाढवलेत.

बघताना भीती वाटली नाही. वाटली नाही, याचीच भीती वाटली.

आणि शेवटी बाबांनी वर बघितलं. सरळ फोनमध्ये. फोन दाराआड होता. तरी माझ्याकडेच बघितलं आणि म्हणाले, "वाळलास."

९ एप्रिल

बारकं वाढतंय.

आधी वाटलं काचेमुळे दिसतंय. पट्टी लावून बघितली. मुकादमानेही ओळखलं नाही, हा नवीन कुठून आला म्हणाला. आता कोपऱ्यात नसतं. कुंडीजवळ असतं. जुना नवरा — नवी मोठी — त्याला एकदा टोचते, मग जवळ येऊ देते. आज ते तिच्यासमोर थरथरलं. कोणी शिकवलं त्याला?

मी काचेसमोर उभा राहून म्हटलं, पळ ना. कुठे पळेल बिचारं.

१५ एप्रिल

पंप म्हणतो, "हल्ली काय सासऱ्यासारखा खाकरून खोलीत येतोस रे? मी काय सून आहे, पदर घ्यायला?"

मी खाकरत नाही. खाकरणं बाबांचं. दाराशी आले की दोनदा.

खांद्यात शर्ट घट्ट होतोय. तोच शर्ट.

१९ एप्रिल

चिमणी: काका सोमवारी गाडी घेऊन येणार. फोनवर हो-नाही चालणार नाही म्हणे, समोर येऊन सांग.

मुकादम म्हणाला, आत्ता गेलास तर परत येऊ नकोस. म्हटलं, बरं. किती सोपं निघालं तोंडातून.

मॅडमना भेटलो. त्या आनंदात होत्या. सात नंबरच्या कुंडीवर अंडी आलीयत, इतक्या लवकर! केशरी ठिपके. बारकं वारा घालत होतं.

२५ एप्रिल

घरी आहे.

काका पुढच्या खोलीत, चपला न काढता. इस्पितळाच्या दोन माणसांसोबत. "काय ठरलं तुझं?" लहानपणापासून मी या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. दोनदा खाकरलो. म्हटलं, "ते कुठंही जाणार नाहीत. हे घर त्यांचं आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली — बाबांसमोर घालायचे तशी. गेले.

चिमणी दारात उभी होती. आनंदाने रडेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरकली.

२६ एप्रिल

दुपारी बाबांनी खुर्ची फडक्याने पुसली. ताट वाढलं. मी उभ्यानेच खाणार होतो.

बसलो.

ते बाजूला उभे राहिले, आई राहायची तसे, हात पुसत. मी पहिला घास घेतला. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर. मला कळतं मीठ.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

आई गेल्यापासून पहिल्यांदा बाबा हसले. मिठाचा डबा त्यांच्या हातात तयारच होता.