मी घरी जाऊन आराम केला त्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. घरच्या गादीवर इतका पडून राहिलो की पाठ अजून सरळ व्हायला तयार नाही, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझी शाळा, तुझा रक्तदाब आणि दाजींचा गुडघा आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. दाजींना सांग, जिने चढू नका. उतरायला हरकत नाही, पण परत वर कसं यायचं ते आधी ठरवा. माझी तब्येत उत्तम आहे. ती बिघडलेली नव्हतीच, आणि मुद्दा तोच आहे.

हे पत्र मी रागाने लिहायला घेतलं होतं. आईला फोन करून ‘तो फार दमलाय, येतोय तर नुसता आराम करू दे, त्याच्या डोक्याला कसलाही त्रास देऊ नका’ असं सांगणारी तूच ना? प्रेमाने सांगितलंस हे मान्य. पण आईला एखादी गोष्ट सांगितली की पुढे काय होतं, हे इतक्या वर्षांत तुला कळू नये? तुझ्या शाळेत तू सूचना काढतेस, निम्मे शिक्षक ती वाचत नाहीत आणि शाळा सुरळीत चालते. आई सूचना पाळते. तू सांगितलंस आराम, आणि आईने तो माझ्यावर घातला.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. थंडी नुकतीच पाठ फिरवून निघाली होती. सावलीत गेलं की अंगावर काटा आणि उन्हात आलं की डोळ्यांवर झापड, असली हवा. गल्लीतल्या झाडांना नखाएवढी पालवी फुटली होती आणि घरोघरी जाड पांघरुणं कठड्यांवर वाळत टाकली होती. मी मनाशी ठरवून आलो होतो की सकाळी बाबांबरोबर दुकानात जाऊन बसायचं, संध्याकाळी आईला घेऊन पायी फिरायचं आणि आत्याकडे जाऊन तिची बोलणी खायची. बूट काढले, ते आईने उचलून कुठेतरी ठेवले, आणि ते मला निघायच्या दिवशीच परत दिसले. माझी जुनी खोली मिळाली नाही. तिच्यात बाबांच्या केस कापायच्या दुकानातली फिरती खुर्ची आणि मोठा आरसा ठेवला होता, आरशाचं तोंड भिंतीकडे. दुकानात अडचण होत होती, असं आई म्हणाली. मी बरं म्हणालो. (मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रारींच्या फोनवर बसतो. दिवसभर लोकांना उलटसुलट प्रश्न विचारून नक्की पाणी कुठे गळतंय ते शोधून काढतो. घरी मी बरं म्हणालो.) माझी गादी बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या उन्हात घातली होती.

त्यानंतर घराचा आवाज बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला गेला, दाराच्या घंटीची तार सोडवली गेली. कुकरच्या शिट्ट्यांनी मला जाग येईल म्हणून आई कुकर उचलून शेजारच्या बॅन्डवाल्या काकांकडे घेऊन जायची आणि शिजल्यावर परत आणायची. काकांना तर आधीच सांगून ठेवलं होतं की तुतारी वाजवायची नाही. निवृत्त झाल्यापासून त्या माणसाला तेवढा एकच उद्योग आहे. मी खिडकीतून पाहिलं, ते तुतारी मांडीवर घेऊन अंगणात बसले होते आणि फडक्याने ती पुसत होते. आमच्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्यांच्या घरात, त्यांच्या अंगणात तुतारी मुकी. माझ्या एकट्याच्या विश्रांतीसाठी दोन घरं राबत होती.

आता तू म्हणशील की मग उठून सांगायचं होतंस, मला झोप येत नाही म्हणून. सांगणार होतो. पहिल्याच दुपारी बाबा खोकले आणि मी डोळे उघडले. आईचा चेहरा असा पडला, जशी भाताची भरलेली परात हातातून निसटावी. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले; खोकला आला की तोंडाला टॉवेल लावत होते. ते बघून मला इतकं अपराधी वाटलं की मी पुन्हा डोळे मिटले. तिथून चुकलं. एकदा मिटलेले डोळे उघडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि त्या घरात आईने एकही निमित्त शिल्लक ठेवलं नव्हतं. हळूहळू माझा हात बसला. श्वास लांब सोडायचा, तोंड किंचित उघडं, मधूनच कूस बदलून काहीतरी पुटपुटायचं. आई दारात उभी राहून माझ्याकडे इतक्या समाधानाने बघायची की (पापण्यांच्या फटीतून दिसायचं) मला दुसऱ्या दिवशी आणखी बरं करून दाखवावंसं वाटायचं.

आत्या आली तेव्हाही मी झोपेतच होतो. तुला आत्याचा आवाज माहीत आहे. तिने माझ्यासाठी म्हणून आवाज खाली आणला, तेव्हा तो नेहमीच्या माणसांच्या बोलण्याएवढा झाला. ती माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणाली की पोरगा वाळलाय, पोट मात्र सुटलंय, आणि हे दोन्ही एकदम कसं होतं ते तिने आईला विचारलं. बस बदलून ती मला भेटायला आली होती. माझ्या पायाशी लोकरीची टोपी ठेवली, पांघरूण उगाच नीट केलं आणि बोलणं न होताच गेली. तिचे पाय सुजलेले होते हे मला आईच्या बोलण्यातून कळलं. मी आता तिला पत्र लिहिलंय, टोपी छान बसते म्हणून. टोपी मला होत नाही.

झोपलेल्या माणसाच्या देखत लोक काहीही बोलतात. सुरुवातीला मला मजा वाटली. माझे शर्ट कसे असतात, मी जेवताना कसा आवाज करतो, तू लहानपणी माझ्यापेक्षा कशी समजूतदार होतीस (यावर आईबाबांचं एकमत आहे, अभिनंदन). मग एका दुपारी आई बाबांना म्हणाली की त्याला सांगून टाका आता. बाबा म्हणाले, उठला की सांगतो. मी लगेच उठलो. बाबांनी तोंड उघडलं, तर आईनेच चहा पुढे केला आणि म्हणाली, त्याची झोप अजून डोळ्यांत आहे, संध्याकाळी सांगा. संध्याकाळी माझं डोकं दुखतंय का असं सगळ्यांनी विचारलं, आणि विषय तिथेच राहिला.

काय सांगायचं होतं ते मला तुकड्यातुकड्यांनी, भिंतीकडे तोंड करून कळलं. बाबांचा उजवा हात थरथरतो, ताई. थंडी सुरू झाल्यापासून. निवृत्त स्टेशनमास्तर दाढीला बसले असताना वस्तरा कानाखाली लागला. ते गृहस्थ कापूस दाबून धरत म्हणाले की माझीच मान हलली. बाबांनी वस्तरा घरी आणून कपाटात ठेवला, तो परत नेला नाही. मग काही दिवस नुसती लहान मुलांच्या डोक्यावर मशीन फिरवली. एक खुर्ची हलवली, एक आरसा हलवला. आता महिनाअखेरीस दुकान द्यायचं आहे. हे सगळं ते दोघं माझ्या अंगावरून कुजबुजत होते, आणि मी लांब श्वास सोडत होतो.

आता जे लिहितो ते लिहायचं नव्हतं. निघायच्या आदल्या दुपारी आई पांघरुणं काढायला गच्चीवर गेली. बाबा माझ्या गादीच्या कडेला येऊन बसले. मग म्हणाले, “दुकान देतोय मी. तुला माहीत असावं म्हणून सांगतो.”

मी पडून राहिलो.

“हात थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. तुझ्या आईला वाटतं तू काळजी करशील.” पुढे म्हणाले, “द्यायच्या आधी एकदा तुझे केस कापायचे होते. घाबरू नकोस. वस्तरा नाही लावणार. नुसती कात्री.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात, ताई, केसांत ठरेना. पानावर पाखरू बसलं की पान जसं हलतं तसा हलत होता. आणि मी घरी जायचं म्हणून, आईला बरं दिसावं म्हणून, इकडून निघायच्या आदल्याच दिवशी इथल्या आरशाआरशांच्या दुकानातून केस कापून आलो होतो. तेव्हा डोळे उघडायला हवे होते. पण उघडले असते तर इतके दिवस मी सगळं ऐकत होतो हेही उघडं पडलं असतं, आणि काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. अनोळखी माणसाने नळाला पाणी नाही म्हणून फोनवर रडारड केली तर मला बरोबर शब्द सुचतात. मी काय केलं सांगू? कूस बदलली. अगदी सफाईने, थोडं पुटपुटत, भिंतीकडे. बाबा “झोप,” म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी आई मला बसपर्यंत पोचवायला आली तेव्हा भेटेल त्याला सांगत होती की चेहऱ्यावर तेज आलंय बघा. बाबांनी बॅग दोन्ही हातांनी धरली होती. बस लागल्यावर त्यांनी माझ्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाले, मागे जरा कमीजास्त झालंय, तिकडच्याला सांग. मी सांगतो म्हणालो. आई गाडीबरोबर चार पावलं चालली. बाबा जिथे होते तिथेच उभे राहिले, हात खिशात घालून.

इकडे आल्यापासून सगळे विचारतात, आराम झाला का. मी हो म्हणतो. झालाच आहे. इतका आराम मला जन्मात मिळाला नव्हता, आणि एकाही माणसाशी धड बोलणं झालं नाही.

दाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा
धाकटा

ता. क. — एवढं सगळं पाल्हाळ लावलं ते एका विनंतीसाठी. बाबांना तू फोन कर. दुकानाचं आत्याकडून कळलं असं सांग (आत्याला मी पढवून ठेवतो) आणि जमलं तर सहज म्हण, की त्याला बोलावून घ्या, त्याचे केस फार वाईट कापलेत. मला अधिकृतपणे काहीच माहीत नाही. मी झोपलेलो होतो.

दुसरा ता. क. — पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आत्ता आईचा फोन येऊन गेला. बाबांचं काहीतरीच असतं, म्हणून हसत सांगत होती. ते तिला म्हणाले, पोरगा इथे एक दिवसही झोपला नाही. खरा झोपला की तो घोरतो, लहान होता तेव्हापासून. भिंतीपलीकडे ऐकू जातं. आई म्हणाली, मी त्यांना वेड्यात काढलं.

तर तू फोन करू नकोस. मीच केला. बाबांनी उचलला. मी नुसतं ‘बाबा’ म्हणालो, तर त्यांनी विचारलं, “झोप झाली का?” मी म्हणालो, झाली. मग ते म्हणाले, दुकानाची किल्ली परवाच देऊन टाकली, घेणाऱ्या माणसाला घाई होती. शनिवारी येतो म्हणालो, तर ये म्हणाले, पण केसांचं ते काही बोलले नाहीत आणि मलाही विचारता आलं नाही. ते तूच विचार.